कारवानी कुत्रा कोणत्या घरात रमेल? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कारवानी या आपल्याकडच्या शिकारी जातीच्या कुत्र्यावरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. तिच्यात राग आहे, पण तो या कुत्र्यांवरच्या मायेपोटी आहे हे वाचताना जाणवते. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. सांगोला तालुक्यातल्या आपल्या वस्तीवर ही कुत्री तीन पिढ्यांपासून आहेत आणि ती लेकराबाळांत वाढतात. स्वभाव रक्तात नसतो, वाढवण्यात असतो, आणि २०२२ सालच्या संशोधनानेही तेच दाखवले आहे. शहरातल्या माणसाने आठवड्यातून एकदा नान्नजच्या बाजूला माळावर मोकळे सोडले की झाले. असे असताना, ज्या घरात पाहुण्यांची वर्दळ असते त्यांनी हा कुत्रा आणण्यापूर्वी दहादा विचार करावा, असे लिहून मी आपल्याच मातीतल्या जातीला बदनाम केले, असा आपला आक्षेप आहे. शेवटी आपण विचारले आहे, की जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आपल्या भावाने या दिवाळीत पिल्लू आणावे की नाही.

आधी आपल्या वस्तीविषयी. आपण लिहिले आहे ते मला पूर्णपणे मान्य आहे, कारण तसेच मी मंगळवेढ्याच्या बाजूलाही पाहिले आहे. कुत्री कडब्याच्या गंजीच्या सावलीत पडलेली असते. बांधावरून कोणी येताना दिसले की ती माणसाच्या आधी उठते, दोनदा भुंकते, घरातले कोणी बाहेर आले की गप्प होते आणि पाहुणा अंगणात पाय ठेवेपर्यंत गोठ्यापलीकडे निघून जाते. तिला कोणी बोलावत नाही, पाहुणाही तिच्याकडे पाहत नाही, चहा होतो, बोलणे होते आणि पाहुणा जातो. या सगळ्या वेळात तिच्यात आणि त्या माणसात किती अंतर असावे हे तिने स्वतः ठरवलेले असते. वस्तीवरचे कुत्रे शांत असते याचे फार मोठे कारण मला हेच वाटते.

आता तेच जनावर दोन खोल्यांच्या घरात आणून पाहा. दाराची घंटा वाजते आणि अनोळखी माणूस एकदम चार फुटांवर उभा राहतो. घरातली मुले हौसेने त्याला पुढे ओढतात, पाहुणा डोक्यावरून हात फिरवायला वाकतो. कुत्रे मान वळवते, जिभेने ओठ चाटते, डोळ्याच्या कडेला पांढरे दिसू लागते आणि ते सोफ्याच्या मागे सरकते. इथे हात मागे घेतला तर काहीच घडत नाही. पण बहुतेक वेळा पाहुणा म्हणतो, ‘घाबरू नका, मी कुत्र्यांतच वाढलोय’, आणि आणखी पुढे सरकतो. मागे भिंत असल्यामुळे कुत्रे गुरगुरते. त्या दिवसापासून घरातले लोक म्हणू लागतात, की कुत्रे बिघडले. प्रत्यक्षात त्याने चार वेळा नम्रपणे नकार दिलेला असतो आणि तो कोणी वाचलेला नसतो. माझा आक्षेप कुत्र्यावर नाही, हा नकार मानण्याची तयारी नसलेल्या घरावर आहे.

हा स्वभाव आला कुठून, हेही पाहायला हवे. कारवानी, मुधोळ किंवा लांब केसांचे पश्मी ही नजरेने शिकार हेरणारी कुत्री आहेत. माळावर ससा उठला की तो गाठायचा कसा, कुठे वळायचे, केव्हा सोडून द्यायचे, हे सगळे कुत्र्याला धावता धावता स्वतःच ठरवावे लागे, कारण मालक मागे कुठल्या कुठे राहिलेला असे. त्याच्या हाकेची वाट पाहत थांबणारे कुत्रे रिकाम्या तोंडाने परत येई. म्हणून पिढ्यान्पिढ्या निवड झाली ती स्वतःच्या बुद्धीने चालणाऱ्यांची. लॅब्रॅडॉरचे नेमके उलटे आहे. बंदुकीने पाडलेला पक्षी माणसाच्या इशाऱ्यावर आणून देणे हे त्याचे काम, त्यामुळे माणसाच्या तोंडाकडे पाहत राहणे त्याच्या अंगात मुरलेले आहे. या दोघांकडून एकाच प्रकारच्या लाडाची अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

आपण ज्या संशोधनाचा दाखला दिलात, ते मलाही महत्त्वाचे वाटते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ साली आलेल्या त्या अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय माहिती वापरली होती, आणि एकेका कुत्र्याच्या वागण्यातला सुमारे ९ टक्के फरकच जातीवरून सांगता येतो असा निष्कर्ष निघाला. म्हणजे जातीचे नाव ऐकून समोरच्या कुत्र्याविषयी मत बनवू नये, ही आपली बाजू त्यातून भक्कम होते. मात्र त्याच अभ्यासात जातीजातींमध्ये सर्वांत ठळक फरक दिसला तो माणसाची सूचना मानण्याच्या बाबतीत, आणि आपण बोलत आहोत ते नेमके त्याविषयीच. शिवाय ही कुत्री बहुतांशी अमेरिकेतल्या घरांतली होती. आपल्या माळावरच्या कुत्र्यांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावताना थोडे जपून राहावे, असे मला वाटते.

वाढवण्याचे महत्त्व मी नाकारत नाही. अमेरिकेत बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या पिल्लांवर वर्षानुवर्षे निरीक्षणे केली. त्यात आफ्रिकेतून आलेल्या बसेंजी जातीची पिल्ले पाचव्या आठवड्यात माणसाला इतरांपेक्षा जास्त बुजत होती आणि नियमित हाताळल्यावर ते बुजणे बरेच कमी झाले. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसांची ओळख होण्यासाठी फार मोलाचा असतो, हेही त्यांच्याच कामातून पुढे आले. तेव्हा भीती घालवता येते, घालवायलाच हवी. पण भीती गेल्यानंतरही जे उरते, म्हणजे अनोळखी माणसाविषयी उत्सुकता नसणे, हाक ऐकूनही आधी विचार करणे, मनात आले की शेजारी येऊन बसणे आणि मन भरले की उठून जाणे, तो त्याचा पिंड आहे. तो बदलायच्या मागे लागलेली घरे मी पाहिली आहेत. त्यात कुत्रे थकते आणि माणसेही.

माळावर मोकळे सोडण्याच्या आपल्या सूचनेला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. नान्नज-मार्डीचा परिसर माळढोक अभयारण्याचा आहे. तिथे काळवीट आहेत, लांडगे आणि खोकड आहेत. कारवानी कुत्र्याच्या नजरेला पळणारे काळवीट पडले की आपल्या हाकेचा काहीच उपयोग नसतो. सशाची शिकारसुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग ती हौसेने झालेली असो वा नकळत. पाळीव कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग लांडग्यांपर्यंत पोहोचतात, तो धोका वेगळाच. धावायला कुंपणाचे शेत किंवा उंच भिंतीचे आवार हवे, आणि तेही रोज. बाकी वेळी पट्टा हातातच असावा.

राहता राहिला बदनामीचा मुद्दा. टपाल खात्याने २००५ साली मुधोळ हाऊंडचे, म्हणजे कारवानीच्याच कुळातल्या कुत्र्याचे, तिकीट काढले, २०१६ साली या जातीची पिल्ले लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेली, २०२० साली पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिचे नाव घेतले. या प्रत्येक गोष्टीचा मला अभिमान आहे. सोलापूरच्या उन्हात हस्कीसारखे बर्फाळ प्रदेशातले कुत्रे आणणाऱ्यांवर आपण केलेल्या टीकेशीही मी शब्दशः सहमत आहे. परंतु केवळ अभिमानापोटी नेलेले कुत्रे वर्ष-दीड वर्षात नकोसे होते आणि विजापूर रस्त्याच्या कडेला गळ्यावर पट्ट्याचा वण घेऊन फिरताना दिसते. जातीचे नाव खराब होते ते तिथे.

आता आपल्या भावाविषयी. मजला तिसरा आहे, ही मला मोठी अडचण वाटत नाही. ही कुत्री घरात बरीच शांत असतात, तासन्‌तास झोपतात आणि फारशी भुंकत नाहीत. बाल्कनीचा कठडा उंच करून घ्यावा लागेल आणि दार उघडताना कुत्रे आत बांधलेले असावे लागेल, कारण जिन्यात मांजर दिसले तर ते थांबणार नाही. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वीच फिरवून आणावे लागेल. या सगळ्याची सोय करता येते. आपण लिहिले आहे की वहिनी आणि भाऊ दोघेही नोकरीला जातात, आई गुडघ्यांच्या दुखण्यामुळे खाली उतरू शकत नाहीत आणि संध्याकाळी दोन्ही मुलांचे मित्र घरी जमतात. मला काळजी वाटते ती या संध्याकाळची. कुत्र्याची एक जागा ठरवून, तिथे गेलेल्या कुत्र्याला कोणीही हात लावायचा नाही, हा नियम पाहुण्यांच्या आणि मुलांच्या मित्रांच्या तोंडावर सांगण्याची हिंमत घरातल्या कोणात आहे? आईंना मांडीशी बसणारी सोबत हवी असेल, तर हे कुत्रे ती रोज देईलच असे नाही, आणि त्यांना त्याचे वाईट वाटेल का, हे त्यांनाच विचारावे.

दिवाळीत तर मुळीच आणू नये. फटाक्यांच्या आठवड्यात नव्या घरात आलेले पिल्लू जे शिकेल ते पुसायला महिने लागतील, आणि जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे शोभेचे दारूकाम असतेच. दोघांपैकी एकाला सलग रजा मिळेल असा, यात्रेनंतरचा काळ निवडावा. तोपर्यंत भावाने मुलांना घेऊन आपल्या वस्तीवर अधूनमधून राहायला यावे आणि बोलावल्यावर न येणाऱ्या कुत्रीशेजारी मुलांना नुसते बसता येते का, ते पाहावे. आपली कुत्री पुन्हा व्याली, तर अनोळखी माणूस आल्यावर आधी मागे सरणारे, पण थोड्या वेळाने आपणहून वास घ्यायला पुढे येणारे पिल्लू त्यांच्यासाठी राखून ठेवावे. शेवटपर्यंत कोपऱ्यातच बसून राहणारे पिल्लू मात्र वस्तीवरच राहू द्यावे.