हो ची मिन्ह यांच्या थडग्यावरचा ‘मावळा’

दर शिवजयंतीला न चुकता येणारा एक मेसेज आहे. थोडक्यात तो असा: चिमुकल्या व्हिएतनामने बलाढ्य अमेरिकेला हरवलं. पत्रकारांनी तिथल्या राष्ट्राध्यक्षांना रहस्य विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “आम्ही शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वापरला.” पुढे ते वारले आणि त्यांच्या इच्छेनुसार थडग्यावर कोरलं गेलं, ‘शिवाजी महाराजांचा एक मावळा इथे चिरनिद्रा घेत आहे.’ मग त्यांच्या परराष्ट्रमंत्री भारतात आल्या, रायगडावर गेल्या आणि तिथली मूठभर माती पर्समध्ये घालून घेऊन गेल्या.

थडग्यापासूनच सुरुवात करू, कारण ते तपासणं सगळ्यात सोपं. मेसेजात नाव नसलं तरी रोख उघडच व्हिएतनामच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि उत्तर व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष हो ची मिन्ह यांच्याकडे आहे. त्यांना पुरलेलंच नाही. मृत्युपत्रात त्यांनी दहन करावं आणि रक्षा देशाच्या उत्तर, मध्य आणि दक्षिण भागांत ठेवावी असं लिहिलं होतं. त्यांच्या कम्युनिस्ट पक्षाने ते मानलं नाही, इतकंच नव्हे तर तो मजकूर १९८९ पर्यंत लोकांपुढे येऊ दिला नाही. सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने देह जतन केला गेला आणि हनोईच्या बा दिन्ह चौकातल्या भव्य स्मारकात काचेच्या पेटीत ठेवला. ते स्मारक १९७५ साली खुलं झालं. दर्शनी बाजूला ‘अध्यक्ष हो ची मिन्ह’ एवढंच कोरलेलं आहे. आत त्यांचं गाजलेलं वाक्य आहे: स्वातंत्र्याहून मोलाचं काहीच नाही. मावळ्याचा तिथे पत्ता नाही.

पत्रकारांचा प्रसंगही तारखांपुढे टिकत नाही. हो ची मिन्ह २ सप्टेंबर १९६९ रोजी गेले, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली आणि युद्ध संपलं ते ३० एप्रिल १९७५ रोजी. जिंकल्याचं रहस्य सांगायला ते हयातच नव्हते. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते टोन डुक थांग. त्यांचं नाव मेसेजात येत नाही. तिथे कुणाचंच नाव येत नाही. आणखी एक गंमत म्हणजे राजस्थानात हाच मजकूर महाराणा प्रतापांच्या नावाने फिरतो. तोच राष्ट्राध्यक्ष, तेच थडगं, फक्त तिकडे पर्समध्ये माती मेवाडची जाते.

‘गनिमी काव्याने जिंकले’ हा मुद्दा जरा सावकाश बघायला हवा, कारण तो अर्धा खरा आहे. मेसेज युद्ध अमेरिकेपासून सुरू करतो. प्रत्यक्षात ही लढाई फ्रेंच वसाहतवादाविरुद्धची. १८५८ मध्ये दा नांगवर फ्रेंच नौदल चालून आलं आणि १८८० च्या दशकापर्यंत सगळा देश त्यांच्या ताब्यात गेला. १९४५ मध्ये जपान शरण आल्यावर हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, फ्रान्सने ते नाकारलं आणि १९४६ च्या अखेरीस पूर्ण युद्ध पेटलं. अमेरिका आधी फ्रान्सला पैसा पुरवणारी म्हणून आली. शेवटी शेवटी फ्रेंचांच्या युद्धखर्चाचा मोठा वाटा तीच उचलत होती.

फ्रेंचांशी चाललेल्या या युद्धाचा निकाल लागला तो दिएन बिएन फू इथे आणि तिथे जे झालं ते गनिमी काव्याच्या नेमकं उलट होतं. लाओसच्या सीमेजवळच्या या खोऱ्यात फ्रेंचांनी विमानांच्या भरवशावर तळ उभारला. या डोंगरांवर शत्रू मोठ्या तोफा चढवूच शकणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. व्हिएतनामी सेनापती जनरल जियाप यांनी त्या चढवल्या. चीनकडून आलेल्या, मूळ अमेरिकन बनावटीच्या १०५ मिलीमीटरच्या तोफा माणसांनी दोरखंडांनी ओढून डोंगरात खणलेल्या खोबणींत बसवल्या. जानेवारी १९५४ च्या अखेरीस हल्ला ठरला होता. जियाप यांनी तो ऐन वेळी थांबवला, चढवलेल्या तोफा मागे घ्यायला लावल्या आणि झटपट धडक देण्याऐवजी हळूहळू आवळत जाण्याचा बेत आखला. माझ्या मते सगळ्या युद्धातला सर्वात अवघड निर्णय हाच. व्हिएतनामी आकडेवारीनुसार अडीच लाखांहून जास्त लोक रसद वाहत होते. मजबूत केलेल्या एकेका सायकलवर दोनशे किलोच्या आसपास ओझं असायचं. १३ मार्चला तोफा कडाडल्या, महिनाअखेर धावपट्टी निकामी झाली. फ्रेंच तोफखान्याचा प्रमुख पिरोथ याने पहिल्या काही दिवसांतच हातबॉम्बने स्वतःला संपवलं. ५६ दिवसांनी, ७ मे रोजी तळ पडला. हा चक्क वेढा होता, खंदक खणत पुढे सरकणाऱ्या नियमित फौजेने घातलेला.

छापे, दबा धरून हल्ले, दिवसा शेतकरी आणि रात्री सैनिक, हेही सगळं झालंच. पण जियाप आणि त्यांचे सहकारी त्याला पहिली पायरी मानत. शेवटची पायरी मोठी फौज उभारून समोरासमोर लढण्याची. ती १९५१ मध्ये घाईने गाठायला गेले तेव्हा विन्ह येन इथे फ्रेंच नापाम बॉम्बनी त्यांची माणसं भाजून निघाली. १९७५ मध्ये सायगावच्या राष्ट्राध्यक्ष निवासाचं फाटक तोडून आत शिरले ते रणगाडे होते.

मग ही पायऱ्यांची कल्पना कुठून आली? बरीचशी माओच्या दीर्घ युद्धाच्या मांडणीतून. ती व्हिएतनामी परिस्थितीला जुळवून घेतली पक्षाचे नेते ट्रुओंग चिन्ह यांनी. आणि पूर्वजांची उदाहरणं हवी असतील तर त्यांना समुद्रापार जायची गरज नव्हती. ट्रान हुंग डाओ यांनी १२८८ मध्ये बाख डांग नदीत लाकडी सुळके रोवून मंगोल आरमार अडकवलं. ले लोय यांनी १४१८ पासून दहा वर्षं डोंगरांतून झुंजत मिंग चिन्यांना घालवलं, म्हणजे महाराजांच्या जन्माच्या दोनशे वर्षं आधी. क्वांग ट्रुंग यांनी १७८९ मध्ये ऐन टेटच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सणात चिंग फौजेवर झडप घातली. जियाप स्वतः इतिहासाचे शिक्षक होते. डिसेंबर १९४४ मध्ये त्यांनी ३४ जणांची पहिली सशस्त्र तुकडी उभी केली ती ज्या रानात, त्याला नाव होतं ट्रान हुंग डाओ यांचंच. दुबळ्याने बलाढ्याशी डोंगराच्या आडोशाने लढावं हे अनेक लोकांना स्वतंत्रपणे सुचलेलं आहे. दोन ठिकाणी सारखं दिसलं म्हणजे एकाने दुसऱ्याकडून घेतलं, असं होत नाही.

परराष्ट्रमंत्री बाई मात्र काल्पनिक नाहीत. ग्युएन थि बिन्ह या दक्षिण व्हिएतनाममधल्या कम्युनिस्टांनी स्थापलेल्या हंगामी क्रांतिकारी सरकारच्या परराष्ट्रमंत्री. अमेरिकेशी युद्धबंदी ठरवणाऱ्या १९७३ च्या पॅरिस करारावर त्यांची सही आहे. त्या भारतात आल्याही होत्या. रायगड आणि माती यांचा दाखला मेसेज देत नाही, ना तारीख ना साक्षीदार.

यावर ठरलेला प्रश्न येतो: “म्हणजे भारताचा काहीच संबंध नाही?” आहे, आणि तो कागदोपत्री आहे. हो ची मिन्ह यांनी १९४२-४३ मध्ये चीनच्या तुरुंगात असताना नेहरूंना उद्देशून कविता लिहिली. व्हिएतमिन्हने, म्हणजे हो ची मिन्ह यांच्या स्वातंत्र्य आघाडीने, हनोईचा ताबा घेतल्यावर आठवडाभरात, ऑक्टोबर १९५४ मध्ये नेहरू तिथे गेले. १९५८ मध्ये हो ची मिन्ह भारतात आले. फ्रेंचांशी युद्ध थांबवणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं.

आणि एक संबंध असा, जो कुणी फॉरवर्ड करत नाही. सप्टेंबर १९४५ मध्ये जपान्यांची शस्त्रं उतरवून घ्यायला ब्रिटिशांनी सायगावला पाठवली ती २० वी भारतीय डिव्हिजन होती, जनरल ग्रेसीच्या हाताखाली. तिच्या संरक्षणात जपान्यांनी कैदेत ठेवलेल्या फ्रेंच सैनिकांच्या हाती पुन्हा बंदुका दिल्या गेल्या आणि त्यांनी शहराचा ताबा घेतला. पुढचे काही महिने डोग्रा, हैदराबाद, गुरखा पलटणी व्हिएतमिन्हशी लढल्या. पारतंत्र्यातल्या देशाचे सैनिक दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्याविरुद्ध वापरले जात आहेत, याचा नेहरूंनी तेव्हाच जाहीर निषेध केला होता.