आत्या, तू लांब आहेस म्हणून सांगते

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली, ही बातमी अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच दिवशी पोहोचली आणि पुढचे दोन दिवस तिथे दुसरा विषय नव्हता. "मोबाईलनी पोरेस्नं वाटोळं करी टाकं," असे एका काकांनी लिहिले आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याची प्रथा सुरू केली, तसाच भोंगा आपल्याही मारुतीच्या देवळावर बसवावा, अशी सूचना आली. मी बरीच वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते आणि माझी मुलगी इथल्याच शाळेत शिकते, म्हणून तिकडे काय करतात ते सांग, असा आग्रह मला झाला. चार ओळींत देण्यासारखे ते उत्तर नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

भोंग्याला माझा विरोध नाही. घरातली सगळी माणसे दीड तास एकमेकांसमोर बसणार असतील, तर ते चांगलेच आहे. परंतु आमच्या घरात जे घडले ते भोंग्याने टळले नसते. ते इथे लिहिण्याची परवानगी मी माझ्या भाचीकडून घेतली आहे.

ती नववीत आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिने नऊवारी नेसून नाच केला आणि शाळेने त्या कार्यक्रमाची छायाचित्रे, मोठ्या कौतुकाने, प्रत्येक मुलीच्या पूर्ण नावासह आणि इयत्तेसह, सर्वांना दिसतील अशी टाकली. मागच्या पावसाळ्यात कुणीतरी त्यातलेच तिचे छायाचित्र उचलून तिच्या नावाने खोटे खाते उघडले आणि त्यावरून तिच्याच वर्गातल्या मुलांना घाणेरडे संदेश पाठवायला सुरुवात केली. तीन आठवडे ती कुणाशी एक शब्द बोलली नाही. पोट दुखते असे सांगून शाळा बुडवू लागली आणि वहिनी तिला ओव्याचे पाणी देत राहिली. एका रविवारी माझा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती फोन घेऊन धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, गेली, जिन्याकडे एकदा वळून पाहिले आणि म्हणाली, "आत्या, तू लांब आहेस, तू काही मोबाईल काढून घेऊ शकत नाहीस, म्हणून तुला सांगते."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. माझा भाऊ मारकुटा नाही, वहिनी तर स्वभावाने फार मऊ आहे. तरीही घरी कळले तर पहिल्यांदा फोन जाईल, फोनबरोबर शिकवणीचा गट जाईल, मग तूच काहीतरी केले असशील असे कुणीतरी म्हणेल आणि अखेरीस शाळाही सुटेल, असा हिशेब त्या पोरीने एकटीने मांडला होता. आमच्या भागात मुलीचे नाव गावात निघाले की तिच्यासाठी स्थळे पाहण्याची घाई सुरू होते, हे चौदा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असते. मी दादाशी बोलले, त्याने राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि ते खाते आठवडाभरात बंद झाले. म्हणजे उपाय पहिल्या दिवसापासून हाताशी होता, पण त्याच्यापर्यंत जायला वाट नव्हती.

इथे माझ्या मुलीच्या शाळेत प्रवेशद्वारापाशी, जेवणघरात आणि स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही एक भित्तिपत्रक लावलेले असते. त्यावर चार शिक्षकांचे चेहरे, त्यांची नावे आणि ते कोणत्या खोलीत भेटतील एवढीच माहिती असते. इंग्लंडमधल्या प्रत्येक शाळेने आपल्या वरिष्ठ नेतृत्वातल्या एका व्यक्तीवर मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी नावानिशी सोपवलीच पाहिजे, असे इथल्या शिक्षण खात्याचे बंधन आहे. त्या व्यक्तीचे प्रशिक्षण दर दोन वर्षांनी पुन्हा होते आणि २०२३ पासून शाळेतल्या इंटरनेटवर काय गाळायचे व कशावर लक्ष ठेवायचे, हेही प्रामुख्याने तिच्याकडेच आले आहे. गेल्या वर्षी माझ्या मुलीने वर्गाच्या गटावर एका मुलाची चाललेली टवाळी तिच्या शाळेत ही जबाबदारी असलेल्या बाईंना जाऊन सांगितली. त्याच दुपारी त्यांचा मला फोन आला आणि त्यांचे पहिलेच बोलणे असे होते की, तुमच्या मुलीने सांगितले हे फार चांगले केले, कृपा करून घरी तिचा फोन काढून घेऊ नका. माझ्या भाचीसाठी असे सांगणारे कुणी नव्हते.

इंग्लंडमध्ये सगळे आलबेल आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. इथे २०२३ मध्ये ऑनलाइन सुरक्षेचा कायदा झाला, २५ जुलै २०२५ पासून मुलांच्या संरक्षणाची कलमे लागू झाली आणि कंपन्यांना जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही वयाच्या तपासणीला बगल देणारी व्हीपीएन ॲप लोकांनी लगोलग उतरवून घेतली. ऑस्ट्रेलियाच्या बंदीतही शिक्षा मुलांना किंवा पालकांना नसून कंपन्यांना आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, आणि व्हॉट्सॲप तर त्या बंदीत येतच नाही. आपल्या गटावर बंदीचे स्वागत करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

आपल्याकडे नियमच नाहीत, असेही नाही. महाराष्ट्र शासनाने १० मार्च २०२२ च्या निर्णयाने शाळाशाळांत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितले आणि बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि ही समिती यांचा पुन्हा आग्रह धरला. भाचीच्या शाळेत समितीचा फलक मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे, जिथे मुले रागावून घेण्यासाठीच जातात, आणि तक्रारपेटी लिपिकाच्या खिडकीशेजारी टांगलेली आहे, जिथे चिठ्ठी टाकणारी मुलगी साऱ्या पटांगणाला दिसते. समितीतल्या एकाही बाईचे नाव तिला सांगता आले नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती लागेल असे म्हटले आहे. पण वडील सुरतेला कामाला, घरात एकच फोन, तो आईच्या नावावर आणि त्यावर आलेला ओटीपी वाचून भरणारे मूलच, अशी घरे आमच्या गल्लीतच कितीतरी आहेत. त्या संमतीला तिथे काय अर्थ उरतो?

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढत. त्यांची आठवण आपण दरवर्षी भाषणांतून काढतो, पण मुलांनी ज्याच्याजवळ मन मोकळे करावे असा माणूस शाळेत असणे, ही गोष्ट आपल्या तालुक्याला परकी नाही, एवढे तरी त्यातून आपण घ्यायला हवे होते. त्यासाठी लंडनचा कायदा लागत नाही आणि पैसाही लागत नाही. मुलींनी स्वतः सुचवलेल्या एका बाईंचे नाव आणि १०९८ हा बालकांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक स्वच्छतागृहाच्या दाराला आतून चिकटवला, आणि सांगायला आलेल्या मुलीचा फोन काढून घेणार नाही असे पालकसभेत सर्वांसमोर कबूल केले, तर निम्मे काम होईल असे मला वाटते.

दादा शाळा व्यवस्थापन समितीवर आहे आणि त्याने हे पुढच्या बैठकीत मांडायचे कबूल केले आहे. दुसऱ्या एका बाबतीत मात्र तो अडला आहे. पुढच्या वर्षी भाची दहावीला बसेल, निकाल लागला की चौकात गुणवंतांचा फ्लेक्स लागेल आणि त्यावर छायाचित्र, पूर्ण नाव, गाव, टक्केवारी असे सगळे असेल. फोटो द्यायचा की नाही हे तिलाच विचार, असे मी त्याला सांगितले. "फ्लेक्सवर पोरीचा फोटो नसेल तर लोक काय म्हणतील?" असे तो म्हणाला. तिला त्याने अजून विचारलेले नाही.