भिंत रंगवा, समाज बदला

समाज बदलायचाय ना? मग आधी भिंत शोधा. गल्लीतली नको, हायवेकडेची. गाडीतून जाणाऱ्या साहेबांना काच खाली न करता दिसली पाहिजे.

विषय मुलीचाच घ्या. जळगाव जिल्ह्यात त्याला कधीच मरण नाही. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८८० मुली होत्या, २०११ मध्ये ८४२ उरल्या. हा आकडा मात्र भिंतीवर लिहू नका, गुलाबी रंगावर तो उठत नाही. दोन वेण्या, हातात पाटी, वर सूर्य, एवढं पुरे. आणि बंगल्याच्या कंपाउंडला ब्रश लावू नका. मालक उद्घाटनाला यायचेत, रंगाचे डबेही त्यांचेच.

आमच्याकडच्या भिंतीतून गच्चीच्या पाण्याचा पाइप बाहेर आलेला. पेंटरने माप न घेता चित्र काढलं आणि पाइप नेमका पोरीच्या तोंडात आला. केळीचे घड डोक्यावर घेऊन चाललेली एक आजी थांबली. म्हणाली, “पोरना तोंडम्हा पाइप काब टाका रे भाऊ?” अशा वेळी उत्तर द्यायचं नसतं. फोटो मानेच्या खालून काढायचा.

पथनाट्यही ठेवा. त्यात खलनायिका सासूच असावी, ती कुठे तक्रार करत नाही. सोनोग्राफीचं मशीन स्टेजवर आणू नका, डॉक्टरसाहेब पहिल्या रांगेत असतात. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे खरा, पण तो गाण्याच्या मात्रेत बसत नाही.

वहीगायनवाल्यांना, म्हणजे आपल्या खानदेशी लोकगाणी गाणाऱ्यांना, टेम्पोने आणा, दहा मिनिटं द्या. त्यातली सात सत्कारात जातील. मानधन ‘पुढच्या आठवड्यात’.

भाषणात बहिणाबाई हव्यातच. असोद्याची ही बाई, अक्षरओळख नाही, जात्यावर नि शेतात ओव्या रचायची. १९५१ मध्ये गेली, कविता पुस्तकात आल्या १९५२ ला. ‘यात सामाजिक संदेश कुठाय?’ असं तिला कुण्या समितीने विचारलं नाही, म्हणून जमून गेलं बिचारीचं.

साने गुरुजींचं नाव घ्या, पण जपून. अमळनेरच्या शाळेत मुलांना जीव लावून शिकवणारा, गोष्टी सांगणारा हा मास्तर, आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला जाऊन उपोषणाला बसला. कशासाठी, तर दलितांना विठ्ठलाच्या देवळात जाता यावं म्हणून. आता गोष्टी सांगणाऱ्याने गोष्टींवर थांबावं की नाही? तुम्ही थांबा. उपाशी राहिलं की फोटोत चेहरा उतरलेला येतो.

आणि हो, रंग हलक्या प्रतीचाच घ्या. पुढच्या महिन्यात त्याच भिंतीवर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागायचाय. पाइपचं तेवढं बघून ठेवा, भाऊंचा चेहरा मोठा असतो.