शंभर ताब्यांचा हिशेब

आमच्या पुण्यातल्या जुन्या बास्केटबॉल क्लबच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या महिन्यात एक वाद झाला आणि तो अजून माझ्या डोक्यातून जात नाही. स्पर्धेत आपल्या मुलांनी सर्वाधिक गुण केले, म्हणून आपले आक्रमण सर्वांत सरस, असे कुणीतरी लिहिले. नुसती गुणांची बेरीज पाहू नका, चेंडूच्या प्रत्येक ताब्यामागे (चेंडू आपल्याकडे आल्यापासून तो प्रतिस्पर्ध्याकडे जाईपर्यंतचा काळ म्हणजे एक ताबा) किती गुण मिळाले ते पाहा, एवढेच मी सुचवले. त्यावर आमच्या प्रशिक्षक सरांचे उत्तर आले, "तू तिकडे आकडे मोज, आम्ही इथे मुले घडवतो." ज्यांनी मला लेअप (बास्केटजवळ जाऊन मारायचा शॉट) शिकवला त्यांच्याशी चारचौघांत हुज्जत घालणे शोभत नाही, म्हणून तिथे गप्प बसलो, इथे मात्र माझी बाजू मांडतो.

1990-91 च्या हंगामात डेन्व्हर नगेट्सने सामन्यामागे सरासरी 119.9 गुण केले आणि एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, त्या वर्षी त्याहून जास्त कुणीही केले नाहीत. चेंडू हाती येताच काही सेकंदांत शॉट मारायचा, हा त्यांचे प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांचा आग्रह होता, त्यामुळे त्यांना एका सामन्यात जवळपास 114 ताबे मिळत. त्याच वर्षी शिकागो बुल्सची सरासरी 110 गुणांची होती, पण त्यांना ताबे मिळत साधारण 96. भागाकार केला, की शंभर ताब्यांमागे बुल्सचे सुमारे 115 आणि नगेट्सचे सुमारे 105 गुण होतात. बुल्स विजेते ठरले आणि नगेट्स 82 पैकी 62 सामने हरले. त्या पराभवांत बचावाचा वाटा मोठा होता हे खरे, पण ज्या आक्रमणाचे गुणफलकावर कौतुक होत होते तेही मुळात सामान्यच होते. आपल्या मुलांचेही असेच असेल तर ते त्यांना सांगायला नको का?

ताबे मोजायला फार सामग्री लागत नाही. मारलेल्या शॉटांच्या संख्येत टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेले चेंडू) आणि फ्री थ्रोंची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटांची) 0.44 पट मिळवायची (प्रत्येक फ्री थ्रोने ताबा संपत नाही, म्हणून पूर्ण संख्या घेत नाहीत), आणि त्यातून आक्रमणातले रिबाउंड वजा करायचे, कारण आपला चुकलेला शॉट आपणच पकडला तर ताबा आपल्याकडेच राहतो.

गटाचे एक वागणे मला विशेष खटकते. मी राहतो त्या अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोच्या किंग्ज या एनबीए संघाचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. 2019 मध्ये त्यांचा संघ मुंबईत खेळायला आला, तेव्हा "आपला माणूस" म्हणून गटावर दिवसभर छायाचित्रे फिरत होती. हाच संघ 2022-23 मध्ये शंभर ताब्यांमागे एनबीएच्या तोवरच्या इतिहासात सर्वाधिक गुण करत होता, आणि त्या हिवाळ्यात घराच्या मागच्या अंगणातून जांभळा बीम (किंग्ज जिंकले की आकाशात सोडतात तो प्रकाशझोत) दिसला, की मी मुलीला उठवून दाखवत असे. माणूस आपला म्हणायचा आणि त्याच्या संघाला जोखण्याची रीत मात्र परकी म्हणायची, हे मला पटत नाही.

सर म्हणतील, एवढे आक्रमण असून ते प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत वॉरियर्सकडून हरले ना! हो, हरले. त्या मालिकेच्या सातव्या सामन्यात वॉरियर्सच्या स्टीफन करीने 50 गुण केले तेव्हा मी त्या सभागृहातच होतो आणि आजूबाजूच्या प्रेक्षकांच्या काऊबेल (गाईच्या गळ्यातल्यासारख्या घंटा) एकेक करून गप्प झालेल्या मी ऐकल्या. पण किंग्जचा बचाव खालच्या संघांत मोडतो हेही आकड्यांनी हंगामभर सांगितले होते. पुढच्याच वर्षी बोस्टन सेल्टिक्सने तो उच्चांक मागे टाकला, म्हणून कोणताही आकडा त्या वर्षाच्या सरासरीशेजारी ठेवूनच वाचायला हवा.

आपल्या स्कोअरशीटवर पडलेल्या बास्केट, फाउल आणि टाइमआउट लिहितात. चुकलेला शॉट आणि गमावलेला चेंडू यांना तिथे जागा नाही. म्हणून अंतिम सामन्याचे मोबाइलवरचे चित्रण थांबवून थांबवून मी स्वतः मोजायला बसलो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये चित्रण तुटले, हिशेब अर्धाच राहिला, तरी ते मी पुन्हा पुन्हा लावतो. मोबाइलच्या मागून सरांचा "हात वर! हात वर!" हा आवाज येतो, आणि खरे सांगायचे तर मी त्या आवाजासाठीच ते लावतो.

मोजणे मी अमेरिकेत शिकलो, असे गटाला वाटते. चौदाव्या वर्षी मला संघात जागा मिळाली नाही, तेव्हा सरांनीच एक दोनशे पानी वही हातात देऊन मला टेबलाशी बसवले होते आणि आपल्या मुलाने चेंडू घालवला, की एक उभी रेघ ओढायला सांगितले होते. मध्यंतरात ते आधी माझ्या रेघा पाहत आणि मगच मुलांशी बोलत. ती वही क्लबच्या लोखंडी कपाटात अजून असेल, तर कुणीतरी तिच्या पानांची छायाचित्रे मला पाठवावीत.