खांदेरी-उंदेरी आणि बिचारी लेन्स

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून काढलेला खांदेरी-उंदेरी या समुद्रातल्या जोडकिल्ल्यांचा एक फोटो सध्या फिरतोय. दोन्ही किल्ले एकमेकांना खेटून. खाली मजकूर: ‘टेलिफोटो (लांबचं मोठं दाखवणारी) लेन्स अंतर दाबते, म्हणून फोटो खोटा. साध्या फोनने काढा, खरं अंतर दिसेल.’

पहिलं, ‘लेन्स अंतर दाबते’. थळला वाळूत ओढून ठेवलेली एक होडी गाठली, मागे उंदेरी. जागचा न हलता फोनने दोन फोटो काढले, एक साधा, एक पाचपट झूम करून. घरी येऊन साध्या फोटोतला तेवढाच तुकडा कापून मोठा केला. होडीच्या नाळेमागून उंदेरीचा तट जिथे डोकावतो, तो दोन्हींत तिथेच. कापलेला तुकडा जरा धुरकट, एवढाच फरक.

मग खेटणं येतं कुठून? पायांतून. होडीपासून २० पावलांवर होतो, आणखी २० पावलं मागे गेलो. होडी दिसायला निम्मी झाली, उंदेरी होती तेवढीच. तिला माझ्या २० पावलांचं काय! आता झूम करून होडी पहिल्याएवढी केली, तर उंदेरी दुप्पट. लोक याला लेन्सची करामत म्हणतात. उंदेरीच्या अगदी जवळ होडी नेऊन बघा, तिच्यापुढे मागची खांदेरी पार बारीक दिसते, लेन्स कुठलीही लावा.

दुसरं, फोनचं ‘खरं अंतर’. इथे मात्र त्या मजकुरात चिमूटभर तथ्य आहे, फक्त उलट्या बाजूने. फोनची मुख्य लेन्स फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरच्या साधारण २४ मिमी लेन्सच्या बरोबरीची. तिचा फोटो १५ सेंमी रुंद दिसत असेल, तर जागेवरच्यासारखा वाटायला डोळा जेमतेम १० सेंमीवर हवा. तशाच कॅमेऱ्यावरच्या ४०० मिमी लेन्सच्या फोटोला तेच अंतर दीड मीटरच्या वर. आपण दोन्ही बघतो हातात धरून, ३० सेंमीवरून. म्हणून पहिला फोटो पांगलेला वाटतो, दुसरा खेटलेला. म्हणजे फोनही तेवढाच ‘खोटा’.

राहिलं ‘फोटो खोटा’. महाराजांनी १६७९मध्ये खांदेरी बांधायला घेतली आणि लगेच १६८०मध्ये सिद्दी उंदेरीवर येऊन बसला, तो खांदेरीवर तोफा डागता याव्यात म्हणूनच. म्हणजे दोन्ही बेटं तशी शेजारीच. आणि पावसाची सर येऊन हवा धुतली गेली, की खांदेरीचा दीपस्तंभ नुसत्या डोळ्यांनाही हाताशी आल्यासारखा वाटतो. दुपारी धुरकट झालं, की तोच परत लांब जातो.