बाबांचं 40 किलो मटण

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. घोडबंदर रोडला आमच्या कॉम्प्लेक्सच्या कोपऱ्यावर चिकन-मटणाचं दुकान आहे, ते सणासुदीला बंद ठेवावं म्हणून पालिकेला निवेदन द्यायचंय, सह्या करा. खाली जोडलेल्या हातांची रांग. पहिली सही ज्यांची, ते दर रविवारी तिथेच "जरा चापेचं घाल रे" म्हणत उभे असतात. असो.

मी खाटकाची मुलगी. ग्रुपवर लिहिलं नाही, इथे लिहितेय.

कळव्यात बाबांचं दुकान होतं. मी आठवीत असेन, म्हणजे नव्वदीतली गोष्ट. पहाटे देवनारच्या कत्तलखान्यातून माल आला, मांड्यांवर डॉक्टरांचा शिक्का, सगळं रीतसर. शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात सायकलवरून एक माणूस कागद घेऊन आला. आज बंद. का बंद, ते त्यालाही धड सांगता येईना. बाबांनी शटर खाली ओढलं. आत 40 किलो मटण, फ्रीज नाही.

आता कोणीतरी म्हणेल, एक दिवस नाही खाल्लं तर मरता का? नाही मरत. श्रावणात आमच्याही घरी शिजत नाही. पण खाणाऱ्याचा एक दिवस आणि विकणाऱ्याचा एक दिवस सारखा नसतो हो!

मागे 15 ऑगस्ट 2025 ला कल्याण-डोंबिवलीत हेच झालं. स्वातंत्र्यदिनी 24 तास मटण-चिकन बंद. बोंबाबोंब झाल्यावर मुख्यमंत्री म्हणाले, कोण काय खातं यात सरकारला रस नाही, निर्णय 1988 चा आहे. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजितदादा म्हणाले, अशी बंदी योग्य नाही. अहो, मग तो 1988 चा कागद फाडायचा कोणी? मी? सरकार पालिकेकडे बोट दाखवणार, पालिका जुन्या कागदाकडे, आणि मधल्या मधे शटर खाली.

स्थानिक स्वराज्य आहे, गावचं गावाने ठरवावं, हेही ऐकवतात. तत्त्व म्हणून मान्य. पण तेव्हा कल्याण-डोंबिवलीत नगरसेवक होते कुठे? कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत होता. कोणत्या गावाने ठरवलं मग?

आणि हो, वकील मित्रांनो, माहितीये मला. जैनांच्या पर्युषणात अहमदाबादचे कत्तलखाने नऊ दिवस बंद ठेवणं सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये वैध ठरवलं. थोडेच दिवस आहेत, म्हणून चालेल, असं. थोडेच! बाबांच्या त्या एका दिवसाचं काय झालं, सांगते.

दिवसभर बर्फाच्या लाद्या आणून, ओलं गोणपाट टाकून मटण झाकलं. संध्याकाळी गोणपाटाखालून वास यायला लागला. अंधार पडल्यावर बाबा आणि मी पिशव्या घेऊन चाळीत दारोदार. "मावशी, आत्ताच शिजवा, पैसे सावकाश द्या." माझ्या हातात पिशव्या, बोटांना चरबी. एका घरातून "अहो आज बंद आहे ना?" असा प्रश्न आला आणि बाबा चोरासारखे खाली बघत राहिले. स्वतःचा, शिक्का मारलेला, पैसे मोजून आणलेला माल. त्यांचं ते खाली बघणं मला अजून विसरता येत नाही.

बरं, पालिकेने लक्ष घालूच नये असं मी म्हणत नाही. कोपऱ्यावरच्या त्या दुकानाची पिसं-आतडी गटारात जातात, मीही नाक दाबूनच जाते. त्यासाठी दंड करा, रोज करा. शिक्का बघा, पाणी बघा, कचऱ्याची गाडी वेळेवर पाठवा. 2011 पासून खाद्यपदार्थांचा परवाना एफडीएकडे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे, त्यांनीही यावं. पण बंद कुठल्या दिवशी, हे प्रत्येक पालिकेने आपापल्या लहरीने ठरवायचं नाही. राज्याने एकदाच लिहून द्यावं: इतकेच दिवस, यादी जानेवारीतच, त्यापलीकडे एकही पालिका एक दिवस वाढवणार नाही. आणि त्या यादीत 15 ऑगस्ट नको. स्वातंत्र्याचा आणि बोकडाचा काय संबंध?

दुपारी बाबांना निवेदनाचं सांगितलं. 78 वर्षांचे आहेत, दुकान विकून बरीच वर्षं झाली. म्हटलं चिडतील. तर म्हणाले, "त्या पोराला आदल्या दिवशी सांगून ठेव गं. माल भरून बसेल."

संध्याकाळी खाली जाऊन सांगून आले. अर्धा किलो खिमाही आणला.