जे आधी होईल ते

“सर, तुमच्या गाडीची वॉरंटी सत्तावीस दिवसांत संपतीय.”

ऑपरेशन थिएटरबाहेर येऊन, मास्क खाली करून सांगावं, तसा वर्कशॉपमधल्या मुलीचा आवाज होता. मी बँकेच्या रांगेत उभा होतो. तिथल्या तिथे खुर्ची शोधली.

माझी गाडी इलेक्ट्रिक आहे, हिरव्या नंबरप्लेटची. घेतली तेव्हा मी कोथरूडभर सांगत फिरायचो, इंजिन नाही, ऑइल नाही, क्लच नाही, स्पार्क प्लग नाही, मग बिघडायला आहेच काय? त्या फोननंतर तोच प्रश्न मला रात्री अडीच वाजता वेगळ्या सुरात पडू लागला. बिघडायला आहे तरी काय काय?

तीन वर्षांत न उघडलेली वॉरंटीची पुस्तिका शेवटी बाहेर काढली. बॅटरी आणि मोटरला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल ते. बाकीच्या गाडीला 3 वर्षं किंवा 1,25,000 किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे बॅटरीची काळजी नव्हती. पण बॅटरी आणि भिंतीतला प्लग यांच्यामध्ये ऑनबोर्ड चार्जर नावाचा एक डबा असतो. घरची वीज एसी, बॅटरीला लागते डीसी. ते रूपांतर हा डबा करतो. हा डबा ‘बाकीच्या गाडी’त मोडतो. तो गेला तर घरी चार्जिंग बंद. किंमत विचारली तर वर्कशॉपवाला म्हणाला, “सर, आधी बसा.”

पुस्तिकेत आणखी एक गंमत सापडली. बॅटरीची क्षमता हळूहळू कमी होणं हे नैसर्गिक, त्याबद्दल तक्रार चालणार नाही. 70 टक्क्यांच्या खाली गेली तरच बोला. आमच्या वेळी 69 टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, पेढे वाटायचे. इथे 69 पडले तरच बॅटरी नापास आणि आपली चांदी. 71 वर अडकली तर बसा.

मग वगळलेल्या गोष्टींचं पान. उंदरांनी वायरी कुरतडणे, पाणी शिरणे, टायर, वायपर, ब्रेक पॅड. थोडक्यात, पुण्यात पार्किंगमध्ये, पावसात आणि रस्त्यावर गाडीला जे जे होतं ते सोडून बाकी सगळं कव्हर. “त्यासाठी इन्शुरन्स असतो सर,” असं फोनवर कळलं. इन्शुरन्सच्या पुस्तिकेतही असंच एक पान आहे, ते मी अजून वाचलेलं नाही. एका महिन्यात माणसाने किती सोसायचं?

वर्कशॉपने दोन गोष्टी पुढे ठेवल्या. वॉरंटी दोन वर्षं वाढवायचे 28,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 33,040. आणि तीन वर्षांचा सर्व्हिस प्लॅन 14,000, जीएसटी धरून 16,520.

“प्लॅनमध्ये बदलता काय?” मी विचारलं.

“एसी फिल्टर, सर.”

“आणि?”

“कूलंट चेक, ब्रेक फ्लुइड चेक, चेसिस चेक, जनरल चेक.”

“ब्रेक पॅड?”

“तुमचे अजून नव्यासारखे आहेत, सर.”

ते असणारच. पाय उचलला की मोटरच गाडी थोपवते आणि वर वीज बॅटरीत परत पाठवते. पसरणी घाट उतरून वाईत येईपर्यंत टक्के वाढलेले दिसतात. तो आकडा बघण्याच्या नादात मी एकदा हिने सांगितलेला पेढ्यांचा थांबा चुकवला होता. तो विषय अजून मिटलेला नाही.

एसी फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि दहा मिनिटांत घरी बदलता येतो. 16,520 रुपयांत माझ्यासाठी कोणीतरी ‘चेक’ म्हणणार, एवढाच त्या प्लॅनचा अर्थ मला लागला. प्लॅन बाद.

राहिली वॉरंटी. मी हिशेबाला बसलो. तीन वर्षांत गाडी फिरली 21,000 किलोमीटर. या गतीने बॅटरीचे 1,60,000 संपायला जवळजवळ तेवीस वर्षं लागणार आणि वॉरंटी मात्र आठव्या वर्षी मरणार. म्हणजे एक लाखाहून जास्त किलोमीटर फुकट जाणार! पैसे देऊन घेतलेली गोष्ट न वापरता टाकायची हे आमच्या घराण्यात झालेलं नाही. त्या दिवसापासून मी दिसेल त्याला लिफ्ट देऊ लागलो. हिच्या भिशीतल्या चौघींना नरसोबाच्या वाडीला नेऊन आणलं. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला गाडी काढली, तेव्हा ही म्हणाली, “अहो, तुमची अक्कल संपणार की किलोमीटर? जे आधी होईल ते सांगा.”

घासाघीस करण्यात सव्वीस दिवस गेले. सत्ताविसाव्या दिवशी पैसे भरायला निघालो, तर गाडी उघडेना. चावीचं बटण दाबलं, काही नाही. रात्रभर चार्जिंगला होती, बॅटरी शंभर टक्के. मग उलगडा झाला. सीटखालच्या त्या अगडबंब बॅटरीशिवाय पुढे एक 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते, कुठल्याही गाडीत असते तशीच. दार, दिवे, कॉम्प्युटर तिच्यावर चालतात, आणि मोठ्या बॅटरीचा स्विच ओढायलाही तीच लागते. ती झोपली की मोठी भरलेली असून उपयोग नाही. साहेब तयार बसलेत आणि शिपायाने दारच उघडलेलं नाही.

तळमजल्यावरच्या काकांकडे पंचवीस वर्षांची मारुती 800 आहे आणि जंपर केबल आहे. गेली तीन वर्षं मी त्यांना पेट्रोलच्या भावावरून टोमणे मारत आलो होतो. त्यांनी शांतपणे बॉनेट उघडलं, लाल-काळी केबल हातात घेतली आणि सोसायटीतले सगळे गोळा होईपर्यंत थांबले.

“आमची पेट्रोलवरची आहे हो,” ते म्हणाले. “तुमच्या गाडीला चालेल ना?”

चाललं. वर्कशॉपमध्ये पोहोचल्यावर पहिल्यांदा छोट्या बॅटरीचं विचारलं. तिला आठ वर्षं लागू नाहीत, तिची स्वतंत्र मुदत होती, ती कधीच उलटली. आणि वाढीव वॉरंटीतही ती धरलेली नाही. म्हणजे आजवर जे एकमेव बिघडलं, नेमकं तेच कशात नाही. तरीही मी मुकाट्याने 33,040 चं कार्ड घासलं. ऑनबोर्ड चार्जरही असाच रुसला तर काकांच्या बॉनेटमध्ये त्यावर इलाज नाही.

घरी येऊन पावती फायलीत लावत होतो, तोच फोन वाजला.

“सर, तुमच्या प्युरिफायरचं एएमसी संपतंय. फिल्टर बदलायला झालाय. एक वर्ष किंवा सहा हजार लिटर...”

“जे आधी होईल ते,” स्वयंपाकघरातून ही म्हणाली.